बेदरचा शिक्का, माहूरची सत्ता

बहमनी राज्य फुटले आणि त्याच्या पाच शाह्या झाल्या, हे शाळेत इतिहास शिकलेला माणूस झोपेतून उठवला तरी सांगतो. आदिलशाही, निजामशाही, इमादशाही, कुतुबशाही, बरीदशाही. या यादीत सहावे नाव येता येता राहिले. ते आले असते तर त्याची राजधानी पैनगंगेच्या वळणात, माहूरच्या किल्ल्यावर असती. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा पुसद-उमरखेडकडचा मुलूख त्या राज्याचा गाभा ठरला असता आणि त्याचा संस्थापक म्हणून खुदावंदखान नावाच्या एका हबशी सरदाराचे नाव पाठ्यपुस्तकात छापले गेले असते.

तसे झाले नाही. खुदावंदखान १५१७ साली माहूरलाच मारला गेला. त्याच्यावर चालून आलेल्या फौजेबरोबर खुद्द बीदरचा सुलतान होता. या सुलतानाच्या नावाने तोवर पस्तीस वर्षे कारभार चालला होता आणि त्यातली बहुतेक वर्षे कारभार करणारा कोणी दुसराच होता. त्याचे नाव महमूदशहा बहमनी. बहमनी घराण्यात इतकी वर्षे गादीवर बसलेला राजा दुसरा झाला नाही, आणि स्वतःच्या राज्यात इतका परका झालेला राजाही क्वचितच झाला असेल. त्याची कहाणी सहसा बीदरच्या किल्ल्यातून सांगितली जाते. ती माहूरवरून पाहिली तर वेगळी दिसते.

माहूर म्हटले की आज रेणुका, दत्तशिखर आणि अनसूया डोळ्यांसमोर येतात. पंधराव्या शतकात या डोंगरांना आणखी एक मोल होते. वऱ्हाडातून तेलंगणाकडे उतरणाऱ्या वाटा इथून जवळून जात. उत्तरेला माळव्याचा सुलतान, पूर्वेला गोंडांचे जंगलमुलूख आणि दक्षिणेला तेलंगण, अशा तिन्ही बाजूंच्या घडामोडींवर माहूरच्या किल्लेदाराला लक्ष ठेवता येई. म्हणूनच बहमनी सुलतानांचा डोळा या गडावर सुरुवातीपासून होता.

१४२५ च्या सुमारास अहमदशहा वली बहमनी स्वतः माहूरवर चालून आला. इथल्या जमीनदाराने बंड केले होते. ते मोडून सुलतान पुढे कळंबपर्यंत गेला. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला लागले की लागणारे, चिंतामणी गणपतीचे कळंब ते हेच. तेव्हा ते गोंड राजाच्या सरहद्दीवरचे ठाणे होते. इतिहासकार फरिश्ता या स्वारीच्या वर्णनात तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख करतो. मग सुलतान एलिचपूरला जवळजवळ वर्षभर तळ देऊन राहिला आणि त्याने गाविलगड बांधला, नरनाळा दुरुस्त केला. वऱ्हाडची उत्तर बाजू गाविलगडाने आणि दक्षिण बाजू माहूरने बांधून टाकायची, ही आखणी तिथून सुरू झाली. याच अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली.

राज्याचे मूळचे चार सुभे होते. त्यांना तरफ म्हणत. दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा आणि बीदर-तेलंगण. राज्य वाढत गेले तसतसा एकेक तरफदार लहानसा राजाच होऊन बसला. सैन्य त्याचे, किल्ले त्याचे, वसूलही त्याच्याच हाती. या दुखण्यावर औषध शोधले ते महमूद गावानने. इराणातल्या गिलानमधून व्यापारासाठी आलेला हा माणूस तीन सुलतानांच्या काळात वर चढत मुख्य वजीर झाला. बीदरचा त्याचा मदरसा १४७२ चा. अर्धवट पडलेल्या स्थितीतही तो आज पाहणाऱ्याला थांबवतो.

गावानने चारांचे आठ तरफ केले. वऱ्हाडचे दोन तुकडे पडले. उत्तरेचा गाविलचा तरफ फतहुल्ला इमाद-उल-मुल्ककडे गेला आणि दक्षिणेचा माहूरचा तरफ खुदावंदखान हबशीकडे. त्याशिवाय प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला राहील, बाकीच्या किल्ल्यांवर किल्लेदार बीदरहून नेमले जातील, असा नियम झाला. सुभ्यातली काही गावे काढून ती थेट सरकारी खालशात घेतली. मोजणी करून जमिनीचा सारा ठरवायला सुरुवात झाली. सरदारांना पगार वाढवून मिळाला : फरिश्त्याच्या हिशेबाने पाचशे स्वारांच्या सरदाराला वर्षाला एक लाख हुनांऐवजी सव्वा लाख, हजाराच्या सरदाराला दोनऐवजी अडीच लाख. पण पागेत स्वार कमी भरले तर तेवढी रक्कम कापली जाई. वाढलेला पगार सगळ्यांना आवडला. हजेरी घेणारा वजीर मात्र कोणालाच आवडला नाही.

त्या काळच्या बीदर दरबारात दोन तट होते. इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून आलेले ते आफाकी. इथलेच किंवा पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले ते दखनी, आणि आफ्रिकेतून आलेले हबशी बहुधा त्यांच्या बाजूला. गावान स्वतः आफाकी, पण नेमणुका करताना त्याने दोन्ही पारडी सांभाळली. फतहुल्ला हा जन्माने विजयनगरच्या मुलखातला कन्नड ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत पकडला जाऊन वऱ्हाडच्या सुभेदाराकडे वाढला आणि मुसलमान झाला. खुदावंदखान हबशी. म्हणजे वऱ्हाडचे दोन्ही तुकडे गावानने विरोधी तटाच्या माणसांना दिले होते, आणि ते दोघेही त्याला अखेरपर्यंत मानत राहिले.

५ एप्रिल १४८१ रोजी हे सगळे एका दिवसात कोसळले. सुलतानाच्या स्वारीचा तळ आंध्र किनाऱ्याजवळ कोंडपल्लीला होता. गावानच्या शिक्क्याचा कोरा कागद त्याच्या शिक्केवाल्या नोकराला दारू पाजून मिळवला गेला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला बोलावणारे फितुरीचे पत्र लिहिले गेले. कटाच्या मागे होता मलिक हसन, पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घराण्यातून आलेला आणि मुसलमान झालेला दखनी सरदार. पत्र पाहून नशेतल्या सुलतानाने, तिसऱ्या मुहम्मदशहाने, सत्तरी ओलांडलेल्या वजिराचे डोके उडवण्याचा हुकूम दिला.

बातमी तळावर पसरली तेव्हा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क आणि खुदावंदखान यांनी आपापले तंबू उचलले आणि सुलतानाच्या छावणीपासून दूर, वेगळा तळ दिला. सुलतानाने कारण विचारायला माणूस पाठवला. गावानसारख्याची ही गत होते तर आमची काय खात्री, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. सुलतानाला पत्राचा खोटेपणा उमगला, पश्चात्ताप झाला. त्याने निरोपावर निरोप धाडले. ते दोघे त्याच्या भेटीला काही गेले नाहीत. पुढे परवानगी घेऊन वऱ्हाडात परतले आणि आपापल्या गडावर बसले. माहूरची स्वतंत्र वाट सुरू झाली ती या दिवसापासून. बंडाची आरोळी नाही, छत्र नाही, पदवी नाही. फक्त राजाच्या हाताच्या टप्प्यात पुन्हा जायचे नाही, एवढा निश्चय.

वर्ष उलटायच्या आत, मार्च १४८२ मध्ये, मुहम्मदशहा वारला आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा महमूद गादीवर बसला.

पोरवयाचा राजा म्हणजे कारभाऱ्याचे राज्य. मलिक हसन कारभारी झाला. आफाकी आणि दखनी यांच्या मारामाऱ्या बीदरच्या रस्त्यांवर कित्येक दिवस चालल्या. शेवटी आफाकींचा म्होरक्या यूसुफ आदिलखान राजधानी सोडून विजापूरला निघून गेला. चार वर्षांनी सुलतान तेलंगणाच्या स्वारीवर असताना आपल्याविरुद्ध काही शिजते आहे, असा वास मलिक हसनला आला. तो बीदरला पळून आला आणि खजिन्याला हात घातला. किल्ल्याच्या कारभारी सरदारानेच, पसंदखानाने, त्याचा गळा दाबला. गावानचा काळ ठरलेला माणूस गावाननंतर पाच वर्षेच टिकला. त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरला होता.

महमूद आता सोळा-सतरा वर्षांचा झाला होता आणि मलिक हसन गेल्यावर त्याचा ओढा आफाकींकडे होता. १४८७ च्या एका रात्री दखनी आणि हबशी सरदारांनी किल्ल्याचे दरवाजे आतून लावून घेतले आणि राजवाड्यावर चाल केली. बेत सुलतानाला मारून दुसऱ्या कोणाला गादीवर बसवण्याचा होता. मूठभर तुर्की शिपायांनी दारे अडवली आणि सुलतान शाह बुरुजावर चढला. त्या रात्री त्याच्या बाजूने लढलेल्यांत हमदानहून आलेला सुलतान कुली होता. पुढे गोवळकोंड्याची कुतुबशाही त्यानेच स्थापली. पहाटेपर्यंत बाहेरून मदत आली. मग सुलतानाने सूड घेतला. तीन दिवस बीदरमध्ये दखनी आणि हबशी शोधून शोधून मारले गेले.

या तीन दिवसांनी महमूदशहाचे पुढचे आयुष्य ठरवले. ज्या बुरुजाने जीव वाचवला त्याच्या शेजारी त्याने नवा महाल बांधला आणि मुक्काम तिथेच ठेवला. मग गाणे, मद्य, मैफली. लाहोर, दिल्ली, इराणपासून गवई आणि किस्सेवाले बीदरकडे येऊ लागले. फरिश्ता हा भाग नाक मुरडून लिहितो. पण सतराव्या वर्षी आपल्याच पहारेकऱ्यांकडून मरता मरता वाचलेल्या पोराने भिंती जाड करून आत बसावे, हे समजण्यासारखे आहे. या कत्तलीची खबर माहूरला कशी पोचली असेल याची कल्पना करता येते. खुदावंदखान हबशीच होता. बीदरला न जाण्याच्या त्याच्या निश्चयाला आता दुसरे कारण लागत नव्हते.

१४९० साल शाळेच्या पुस्तकात ठळक असते. मलिक अहमदने त्या वर्षी सुलतानाच्या फौजेचा पराभव केला. त्या रणाजवळ पुढे अहमदनगर वसले. मग त्याने यूसुफ आदिलखान आणि फतहुल्ला इमाद-उल-मुल्क यांना आपापल्या नावाने खुतबा वाचण्याचा निरोप धाडला आणि तिघे स्वतंत्र झाले, अशी गोष्ट फरिश्ता सांगतो. फरिश्ता विजापूरच्या दरबारात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहीत होता. मालकाच्या घराण्याचे स्वातंत्र्य जितके जुने दाखवता येईल तितके बरे, ही त्याची गरज होती. हारून खान शेरवानी यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बहमनींच्या इतिहासात या गोष्टीवर प्रश्नचिन्ह लावले. महमूदशहाच्या नावाची नाणी पडतच राहिली. तरफदारांनी लगेच शाही पदव्या घेतल्याचा पुरावा नाही. शिवाय सुलतानाने बोलावले की ते येत, निदान फौजा तरी पाठवत.

याचे चांगले उदाहरण १४९४ चे. बहादुर गिलानी नावाच्या सरदाराने गोवा आणि दाभोळ बळकावून समुद्रावर धुमाकूळ घातला. गुजरातची जहाजे लुटली, माहीमवर घाला घातला. गुजरातचा महमूद बेगडा खवळला आणि त्याने तक्रार केली ती विजापूरला किंवा जुन्नरला नाही, बीदरला. बेगड्याच्या लेखी दख्खनचा राजा एकच होता. महमूदशहा स्वतः मोहिमेवर निघाला. ज्यांनी चार वर्षांपूर्वी स्वातंत्र्य जाहीर केले असे सांगतात त्यांच्या फौजा त्याच्या मदतीला आल्या. गिलानी कोल्हापूरच्या बाजूला लढताना पडला. हा महमूदशहाच्या आयुष्यातला बहुधा एकमेव खरा विजय.

मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. दिल्लीच्या शाहआलमकडे लाल किल्ल्यापलीकडे फारसे काही उरले नव्हते, तरी महादजी शिंद्यांनी १७८४ साली त्याच्याकडूनच वकील-ए-मुतलक हे पद घेतले. तलवार आपली असली तरी तिच्यावर हक्काची मोहोर राजाची लागते. बीदरला ही मोहोर ज्याच्या हाती तो इतरांच्या एक पायरी वर. म्हणून महमूदशहाला मारण्यात कोणाचाच फायदा नव्हता. त्याला ताब्यात ठेवण्यात मात्र सगळ्यांचा होता.

ते काम साधले कासिम बरीदने. हा जॉर्जियाकडचा तुर्क गुलाम वकील, म्हणजे राज्याचा मुख्य कारभारी, झाला आणि सुलतानाची दारे त्याच्या हुकमाने उघडू-मिटू लागली. १५०४ मध्ये तो वारला तेव्हा वकिली वतनासारखी मुलाकडे, अमीर बरीदकडे, गेली. अमीर बरीद बापापेक्षा धूर्त. सुलतानाला तो मोहिमांवर बरोबर घेऊन फिरू लागला, कारण ज्या बाजूला सुलतान ती बाजू सरकारी आणि समोरची बंडखोर.

१५१४ मध्ये अमीर बरीदने महमूदशहाला घेऊन विजापूरवर चाल केली. यूसुफच्या पोरसवदा मुलाने, इस्माईल आदिलखानाने, त्यांना धूळ चारली. धामधुमीत सुलतान घोड्यावरून पडून जखमी झाला आणि मुलासह विजापूरकरांच्या हाती सापडला. इस्माईलने त्याला कैदेत टाकले नाही. मानाने वागवले. आपली बहीण बीबी सती हिचे लग्न सुलतानाच्या मुलाशी आधी ठरले होते, ते गुलबर्ग्याला थाटाने लावले आणि पाच हजार स्वार देऊन सुलतानाला बीदरला पोचवले. अमीर बरीद पळाला. स्वार विजापूरला परतताच तो पुन्हा आला आणि सुलतान पुन्हा त्याच्या मुठीत.

यानंतर महमूदशहाने एकदा तरी स्वतःच्या पायांवर उभे राहून पाहिले. तो बीदरमधून निसटला आणि वऱ्हाडात, गाविलगडावर पोचला. तिथे आता फतहुल्लाचा मुलगा अलाउद्दीन इमादशहा होता. अलाउद्दीनने त्याला आसरा दिला आणि फौज घेऊन बीदरकडे निघाला. अमीर बरीदने अहमदनगरची कुमक मिळवली. दोन्ही दळे समोरासमोर आली. लढाईला तोंड लागणार, तेव्हा सुलतान अंघोळ करत होता. अलाउद्दीनचा माणूस बोलवायला आला आणि तिथला थाट पाहून कुजकेपणाने म्हणाला की, लढाईच्या वेळी न्हात बसणारा राजा सरदारांच्या हातचे खेळणे झाला यात नवल नाही. सुलतानाच्या ते जिव्हारी लागले. तो घोड्यावर बसला आणि सरळ समोरच्या बाजूला, अमीर बरीदच्या सैन्यात जाऊन मिळाला. ज्याच्यासाठी लढायचे तोच पलीकडे गेल्यावर अलाउद्दीनने वऱ्हाडचा रस्ता धरला.

हा किस्सा फरिश्त्याचा, त्यामुळे त्यावर किती तिखट-मीठ पडले आहे ते ठरवणे अवघड. पण त्यातला राग खरा वाटतो. पंचेचाळिशीला टेकलेल्या या माणसाकडे मुलूख नव्हता, खजिना नव्हता. राजा म्हणून अदब एवढीच गोष्ट शिल्लक होती, आणि तीही एका हुजऱ्याने हिरावली. तुरुंगाधिकारी निदान रीतसर मुजरा तरी करत होता.

महमूदशहाची शेवटची मोठी मोहीम याच कैदी अवस्थेतली, आणि ती माहूरवर झाली.

छत्तीस वर्षे खुदावंदखान आपला तरफ राखून होता. गाविलचा इमादशहा उत्तरेला आणि बीदर दक्षिणेला, मध्ये माहूर. दोघांपैकी कोणाशीही तो पूर्ण एकरूप झाला नाही. त्याचे स्वार कंधार आणि उदगीरपर्यंत, म्हणजे आजच्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत, चौफेर फिरत होते. ही ठाणी बीदरच्या दारातली. अमीर बरीदकडे बीदरच्या आसपासचा मुलूख सोडला तर फारसे काही राहिले नव्हते, त्यातही माहूरचे लोक वसूल करू लागले. १५१७ मध्ये सुलतानाला बरोबर घेऊन अमीर बरीद माहूरवर आला. लढाईत खुदावंदखान आणि त्याचा थोरला मुलगा शर्झाखान दोघेही पडले.

पण अमीर बरीदला माहूर पचवता आले नाही. अलाउद्दीन इमादशहा मदतीच्या नावाने वऱ्हाडातून खाली उतरला तसा त्याला मागे हटावे लागले. माहूर खुदावंदखानाच्या धाकट्या मुलाकडे, महमूदखानाकडे राहिले, पण आता इमादशहाचा मांडलिक म्हणून. गावानने वऱ्हाडचे दोन तुकडे केले होते ते एक तरफदार दुसऱ्यावर वचक ठेवील म्हणून. त्यातला दक्षिणेचा तुकडा बहमनी सुलतानाच्या नावाने झालेल्या मोहिमेने मोडला आणि उत्तरेच्या घशात घातला. वऱ्हाड पुन्हा एक झाले, पण बीदरच्या उपयोगाचे राहिले नाही. सहावी शाही होण्याची वाट तिथेच बंद झाली.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १५१८ मध्ये, महमूदशहा वारला. बीदरजवळ अष्टूरला बहमनी कबरींच्या रांगेत त्याची मोठी कबर आहे.

त्याच्यामागे गादीवर चार राजे आले आणि गेले. अहमदशहा या मुलाने चैनीसाठी चार लाख हुनांचा राजमुकुट मोडून विकला, असे फरिश्ता सांगतो. त्याच्यानंतरचा बहमनी राजा अलाउद्दीन याने अमीर बरीदला पकडण्याचा कट केला आणि तो फसून गादीला मुकला. वलीउल्लाने सुटकेचा प्रयत्न केला आणि जिवाला मुकला. शेवटचा कलीमुल्ला. १५२६ मध्ये बाबराने पानिपत जिंकल्याचे कळल्यावर त्याने वेशांतर केलेल्या माणसाहाती बाबराला पत्र पाठवले : मला माझे राज्य मिळवून द्या, बदल्यात दौलताबाद आणि वऱ्हाड घ्या. दोन्ही प्रांतांवर त्याची सत्ता तसूभरही नव्हती. बाबराला दख्खनकडे पाहायला सवड नव्हती. पत्राची बातमी फुटली. कलीमुल्ला विजापूरला आणि तिथून अहमदनगरला पळाला आणि तिथेच वारला. प्रेत तेवढे बीदरला आले.

माहूरला मात्र उसंत मिळाली नाही. अलाउद्दीन इमादशहा आणि बुरहान निजामशहा यांचे पाथरीवरून वैर होते. आपला आजा मलिक हसन याच्या पूर्वजांचे हे गाव निजामशहाला हवे होते आणि इमादशहा ते सोडत नव्हता. १५२७ मध्ये बुरहान निजामशहाने अमीर बरीदला बरोबर घेऊन पाथरी जिंकली, मग माहूर घेतले, मग एलिचपूरकडे वळला. अलाउद्दीन खानदेशात पळाला आणि त्याने गुजरातच्या बहादुरशहाला मदतीला बोलावले. दहा वर्षांत माहूरवर ही दुसरी धाड. १५७४ मध्ये सगळी इमादशाहीच निजामशाहीने गिळली आणि १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड अकबराच्या मुलाला, मुरादला, द्यावे लागले.

या सगळ्यात पैनगंगेकाठच्या कुणब्याला राजा कोण हे कळत तरी होते का? वसुलीच्या वेळी कळत होते. महमूदशहाच्या बापाच्या काळात बीदर पाहिलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन लिहून गेला आहे की, इथले सरदार गडगंज आणि खेड्यातले लोक दैन्यात. १४७३ च्या सुमारास दोन वर्षे पाऊस नव्हता, माणसे देशोधडीला लागली होती. त्यानंतर तरफ बदलले, शाह्या बदलल्या, पण सारा घेणारा दारात येतच राहिला. आणि तो न मिळाल्यास काय होई ते दासोपंतांच्या चरित्रकथेत आहे. नारायणपेठचे देशपांडे दिगंबरपंत यांच्याकडून सरकारी भरणा झाला नाही म्हणून त्यांच्या लहान मुलाला, दासोपंतांना, बीदरला ओलीस ठेवले गेले. ठरल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर धर्म बदलावा लागणार होता. परंपरा सांगते की दत्तात्रेयाने दत्ताजी पाडेवार बनून रक्कम भरली. सुटल्यावर दासोपंत गेले ते माहूरला, आणि तिथे त्यांनी बारा वर्षे तप केले. दासोपंतांचा जन्म १५५१ चा, म्हणजे ही बरीदशाहीतली गोष्ट.

याच्या आधीच्या पिढ्यांत घडलेली मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही बीदरच्या बादशहाचीच. सरकारी कोठारे दुष्काळात लुटवली आणि विठ्ठलाने महार होऊन दाम मोजले, अशी. गुरुचरित्रात नृसिंहसरस्वती बीदरच्या यवन राजाचा फोड बरा करतात, आणि त्याच ग्रंथात माहूरच्या धनिक गोपीनाथाचा मुलगा दत्त आणि त्याची बायको सावित्री गाणगापूरला येतात. मराठी स्मृतीत बीदरच्या गादीवर कोणता सुलतान होता याला महत्त्व नाही. येणे वसूल करणारा आणि कधी कधी देवापुढे नमणारा असा एकच ‘बेदरचा बादशहा’ तिथे आहे.

माहूरच्या जमीनदारांनी बीदरपेक्षा जास्त टिकाव धरला. आईन-ए-अकबरीत माहूर आणि कळंब अशी दोन वेगळी सरकारे, म्हणजे जिल्हे, नोंदली आहेत. डोंगरावरचा बळकट गड, शेजारी दुर्गेचे देऊळ आणि अर्धा मण दूध देणाऱ्या इथल्या म्हशी, इतके बारकावे अबुल फजल टिपतो. जमीनदार म्हणून तो इंद्रजीव नावाच्या राजपुताचे नाव देतो, पदवी राणा, पदरी शंभर स्वार आणि हजार पायदळ. अहमदशहाने १४२५ मध्ये माहूरच्या ज्या जमीनदाराचे बंड मोडले, त्या जातकुळीचे लोक बहमनी, इमादशाही आणि निजामशाही पचवून मोगल दप्तरात हजर होते. त्याच दप्तरात योत-लोहारा या नावाने यवतमाळही सापडते.

गावानने आखलेला माहूरचा तरफ नकाशावरून पुसला गेला तो मात्र फार उशिरा. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पैनगंगेच्या उत्तरेचा पुसदकडचा मुलूख इंग्रजी अमलात गेला, माहूर हैदराबाद संस्थानात राहिले. १९०५ मध्ये बाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळला जोडला. आज खुदावंदखानाचा किल्ला नांदेड जिल्ह्यात, मराठवाड्यात आहे. त्याच्या स्वारांचा दाणागोटा ज्या गावांतून येई त्यांतली बरीचशी नदीच्या अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, विदर्भात मोडतात.